मालकाला ऐकू आले भजन, गुलामाला ऐकू आली वाट

काम करताना माणूस गाऊ लागला की बघणाऱ्याला वाटते, गडी मजेत आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कापसाच्या, तंबाखूच्या, भाताच्या मळ्यांवर आफ्रिकेतून पकडून आणलेल्या लोकांच्या कित्येक पिढ्या गुलाम म्हणून राबल्या, आणि राबताना गात राहिल्या. ते गाणे ऐकून अनेक गोऱ्या लोकांनी परस्पर ठरवून टाकले, की ही माणसे सुखी आहेत. दुःखी माणूस कधी गाईल काय?

या समजुतीला सणसणीत जबाब दिला तो फ्रेडरिक डग्लस यांनी. मेरीलँड राज्यात १८१८ च्या सुमारास गुलाम आईच्या पोटी ते जन्मले. १८३८ साली पळून जाऊन मुक्त झाले आणि १८४५ साली त्यांनी आपले आत्मचरित्र छापले. गुलाम सर्वांत जास्त गातो तो सर्वांत जास्त दुःखी असताना, असे त्यांनी त्यात स्वच्छ सांगितले आहे. महिन्याचा शिधा आणायला निवडक गुलामांना मालकाच्या मोठ्या वाड्यावर पाठवत. वाटेतल्या रानात ते असे गात, की रान दणाणून जाई. डग्लस लहानपणी हे ऐकत होते, पण त्यांना त्याचा अर्थ लागत नव्हता. कारण ते स्वतःच त्या दुःखाच्या रिंगणात उभे होते. अर्थ कळला तो बाहेर पडल्यावर.

पुढच्या एका पुस्तकात त्यांनी आणखी एक बारीक गोष्ट नोंदवली आहे. गप्प गुलाम मुकादमाला आवडत नसे. गुलामाने आवाज करीत राहावे, म्हणजे तो कुठे आहे, कामावर आहे की पसार झाला, हे कळत राहते. म्हणजे गाणे हीसुद्धा सक्तीच होती! आणि याच सक्तीच्या गाण्यात त्या लोकांनी आपले स्वतःचे बोलणे दडवले. मुकादम समोर उभा राहून ऐकतो आहे आणि त्याच्या नाकासमोरून निरोप चालला आहे. आमच्या मायबहिणींना हे फार समजावून सांगायला नको. घरात सासू-सासरे असताना जात्यावर बसलेली सून आपल्या भावाला ओवीतून काय काय सांगत असे, हे ज्यांनी ऐकले आहे, त्यांना ही जात ओळखीची वाटेल.

ढोल काढून घेतला, पाटी काढून घेतली

गाण्यात अर्थ लपवण्याची वेळ कोणावर येते? ज्याला उघड बोलायची बंदी आहे, त्याच्यावर. १७३९ साली साउथ कॅरोलिनात स्टोनो नदीच्या काठी गुलामांनी बंड केले, तेव्हा ते ढोल वाजवत निघाले होते. बंड चिरडले गेले आणि दुसऱ्याच वर्षी, १७४० साली, कायदा झाला. गुलामांनी ढोल वा शिंग वाजवायचे नाही, आणि जो कोणी गुलामाला लिहायला शिकवील त्याला जबर दंड. पुढे १८३१ साली व्हर्जिनियात नॅट टर्नर या काळ्या धर्मोपदेशकाच्या पुढारीपणाखाली उठाव झाला. त्यानंतर तर अनेक राज्यांत वाचन-लेखन, सभा, काळ्या उपदेशकांची प्रवचने, सगळ्यांवर कडक निर्बंध आले. शिकू नका, जमू नका, बोलू नका. ज्यांच्या पूर्वजांना अक्षर ऐकण्याचीही मनाई होती, त्या आपल्या वाचकांना या कायद्यांत नवल वाटणार नाही. हजारो मैलांवरचे जुलमी एकाच पद्धतीने विचार करतात, एवढेच त्यातून दिसते.

मग उरले काय? उरला मालकाचा धर्म. ख्रिस्ती धर्मातली भजने गायला मालकाची हरकत नसे, उलट त्याला ते बरेच वाटे. देवाच्या नावाने नोकर आज्ञाधारक होतो, अशी त्याची खात्री. तरीही मालकवर्ग सावध होता. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीज बेटांवरच्या गुलामांसाठी बायबलची एक खास आवृत्ती छापली गेली. 'खास' अशासाठी, की त्यातून बायबलचा बराच मोठा भाग वगळला होता. जुन्या करारापैकी तर जेमतेम दहावा हिस्सा ठेवला होता. वगळलेल्या भागात मोझेसची कथाही होती. या पुस्तकाच्या फार थोड्या प्रती आज जगात उरल्या आहेत. त्यांतली एक अमेरिकेतील फिस्क विद्यापीठाची आहे. या विद्यापीठाचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, पुढे ते पुन्हा येणार आहे.

मोझेसची कथा थोडक्यात अशी. इस्रायली लोक इजिप्त देशात फारो राजाचे गुलाम होते, विटा पाडत होते. मोझेस नावाचा पुढारी उभा राहिला. माझ्या लोकांना सोड, असे त्याने राजाला बजावले आणि आपल्या माणसांना घेऊन तो बाहेर पडला. पुढे जॉर्डन नदी ओलांडून ते लोक कनान या कबूल केलेल्या भूमीत पोचले. गुलामांनी हजार पानांच्या ग्रंथातून नेमकी हीच कथा उचलली. त्यांच्या गाण्यात इजिप्त आला की समजावे, दक्षिणेतला मळा आला. फारो म्हणजे मालक. जॉर्डन म्हणजे ओहायो नदी, जिच्या पलीकडे गुलामी नसलेली राज्ये होती. आणि कनान म्हणजे उत्तर.

हे आम्ही ओढूनताणून लावलेले अर्थ नव्हेत. डग्लस यांनी स्वतः १८५५ च्या पुस्तकात सांगितले आहे, की पळून जाण्याचा पहिला बेत आखला तेव्हा ते आणि त्यांचे साथीदार कनानची गाणी वारंवार गात होते. बारकाईने ऐकणाऱ्याला त्यात स्वर्गापलीकडचे काही ऐकू आले असते; कारण त्यांच्या मनातले कनान म्हणजे उत्तरेकडची राज्ये होती.

तुरुंगात टाकलेले भजन

दुसरा पुरावा याहूनही भक्कम आहे, कारण तो मालकांच्याच बाजूने आला. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले. त्या युद्धात थॉमस वेंटवर्थ हिगिन्सन हे गोरे अधिकारी, मुक्त झालेल्या काळ्या सैनिकांच्या पलटणीचे कर्नल होते. रात्री शेकोटीभोवती सैनिक गात आणि हिगिन्सन अंधारात बसून शब्द टिपून घेत. १८६७ साली त्यांनी या गाण्यांवर एका मासिकात लेख लिहिला. त्यात एका भजनाची हकिकत आहे. आपण लवकरच मुक्त होऊ, देव आपल्याला घरी बोलावील, असा त्या भजनाचा साधारण आशय. युद्धाच्या सुरुवातीला साउथ कॅरोलिनातील जॉर्जटाऊन गावी हे भजन गायले म्हणून काळ्या लोकांना चक्क तुरुंगात डांबले होते! पलटणीतल्या ढोल वाजवणाऱ्या एका पोराने हिगिन्सन यांना खुलासा केला. गोऱ्यांना वाटले, की 'देव' म्हणजे उत्तरेचे सैन्य.

बुद्धाच्या मार्गाने जाणाऱ्या आपल्या एखाद्या वाचकाच्या मनात येईल, की या देवाधर्माच्या गाण्यांशी आपला काय संबंध? त्याने या पोराचे उत्तर जरूर ध्यानात घ्यावे. ओठावर शब्द देवाचा, पण डोळे लागलेले रस्त्याकडे. निळ्या गणवेशातली फौज कधी येते तिकडे. अर्थात सगळ्यांच्याच मनात तेवढाच एक अर्थ होता, असे आम्ही म्हणणार नाही. ज्याचे मूल विकून टाकले गेले, ती आई स्वर्गातल्या भेटीचे गाणे खरोखरच स्वर्गातल्या भेटीसाठी गात असेल. एकाच ओळीत दोन्ही अर्थ राहत होते, आणि पकडला गेला तर माणूस पहिल्या अर्थाकडे बोट दाखवू शकत होता. जॉर्जटाऊनमध्ये मात्र ती पळवाट चालली नाही.

'स्टील अवे' नावाचे गाणे आहे. हळूच, कोणाला न कळता निघून येशूकडे जाण्याची गोष्ट त्यात आहे. १९३६ ते १९३८ या काळात अमेरिकन सरकारच्या एका योजनेत, गुलामी भोगलेल्या दोन हजारांहून अधिक वृद्ध स्त्रीपुरुषांच्या मुलाखती लिहून घेतल्या गेल्या. टेक्सासमधल्या एका म्हाताऱ्याने तिथे सांगितले, की दिवसा हे गाणे वस्तीतून फिरू लागले की समजायचे, आज रात्री गुपचूप बैठक आहे. बैठक रानात, ओढ्याकाठी नाही तर एखाद्या खोपटात भरे. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून दाराशी एक मोठे लोखंडी भांडे पालथे घालून ठेवत. आवाज त्या भांड्यात अडकतो, अशी समजूत होती. आवाज भांड्यात कसला अडकतो! पण अनेक वृद्धांनी निरनिराळ्या राज्यांत ही आठवण सांगितली आहे. ते पालथे भांडे डोळ्यांसमोर आणले, की त्या माणसांची भीती किती खरी होती हे कळते.

हॅरिएट टबमन

आता एका बाईची गोष्ट. हॅरिएट टबमन मेरीलँडमध्ये १८२२ च्या सुमारास गुलाम म्हणून जन्मल्या. पोरवयात मुकादमाने दुसऱ्याच एका गुलामाला फेकून मारलेले शेरभराचे लोखंडी वजन त्यांच्या डोक्यात बसले. तेव्हापासून चालता-बोलता अचानक झोपेची गुंगी येण्याचे दुखणे त्यांच्या मागे जन्मभर लागले. लिहिता-वाचता येत नव्हते. १८४९ साली त्या एकट्या पळाल्या आणि पेनसिल्व्हेनियात पोचल्या. इथवर झाले असते तरी पुष्कळ होते. पण ही बाई परत आली! पुढच्या दहा-अकरा वर्षांत सुमारे तेरा वेळा ती गुलामीच्या मुलखात शिरली आणि सुमारे सत्तर माणसांना बाहेर घेऊन गेली. त्यांत तिचे भाऊ होते, म्हातारे आईवडील होते. १८५० च्या कायद्याने उत्तरेत पोचलेल्या गुलामालाही पकडून परत देण्याची सक्ती आणली. तेव्हा ती माणसांना थेट कॅनडापर्यंत नेऊ लागली. लोक तिला मोझेस म्हणत.

टबमन यांच्या हयातीत, १८६९ साली, सेरा ब्रॅडफर्ड यांनी त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. गाण्यांचा उपयोग कसा होत असे, ते त्यात टबमन यांच्या सांगण्यावरून दिले आहे. बरोबरच्या माणसांना झाडीत लपवून त्या अन्न आणायला जात. परत येताना रस्त्याने एक भजन म्हणत चालत. एकदा ऐकू आले तर लपलेल्यांनी हालायचे नाही. तेच भजन दुसऱ्यांदा ऐकू आले, तर वाट मोकळी आहे, बाहेर या. पण त्याऐवजी मोझेस आणि फारोचे गाणे कानावर पडले, तर धोका आहे, जागचे हलू नका. रस्त्याने जाणाऱ्या गोऱ्याला काय दिसणार? एक थकलेली काळी बाई भजन गुणगुणत चालली आहे. तो कशाला थांबतोय!

हेच मोझेसचे गाणे, 'गो डाऊन मोझेस', १८६१ साली सुरावटीसह छापले गेले. या प्रकारच्या गाण्यांत असे छापले गेलेले ते पहिले मानतात.

पळून जाणाऱ्यांना मदत करणाऱ्यांच्या या साखळीला 'अंडरग्राउंड रेलरोड', म्हणजे भुयारी रेल्वे, असे नाव होते. आमच्या रेल्वे कामगार बांधवांना गंमत वाटेल, की या रेल्वेला ना रूळ होते ना इंजिन. आश्रय देणारे घर म्हणजे स्टेशन, वाट दाखवणारा तो कंडक्टर. हीही सांकेतिक बोलीच.

आता इथे थोडे थांबून एक गोष्ट स्पष्ट करणे आम्हाला जरूर वाटते. अमेरिकेत अलीकडे या गाण्यांच्या लपलेल्या अर्थांच्या पुष्कळ कथा मुलांच्या पुस्तकांतून पसरल्या आहेत. त्यांतल्या सगळ्या खऱ्या धरू नयेत. 'फॉलो द ड्रिंकिंग गोर्ड' हे गाणे त्यांत फार प्रसिद्ध. गोर्ड म्हणजे पाणी प्यायचा कोरलेला भोपळा, आणि आकाशातला भोपळा म्हणजे सप्तर्षी. आपल्या खेड्यांतली जुनी माणसे त्यालाच बाज म्हणून दाखवत. सप्तर्षींच्या रेषेने ध्रुव तारा सापडतो आणि ध्रुवाकडे चालत गेले की उत्तर येते. कल्पना सुरेख आहे, भूगोलही बरोबर आहे. पण हे गाणे पहिल्यांदा छापले गेले १९२८ साली, गुलामी संपल्यानंतर साठ वर्षांनी. त्याआधीचा कागद नाही. 'वेड इन द वॉटर' या गाण्यातून, पाण्यातून चाला म्हणजे कुत्र्यांना माग लागणार नाही, असा सल्ला दिला जात असे म्हणतात. त्याचाही त्या काळातला पुरावा पुढे आलेला नाही. पळणारे लोक ध्रुव पाहून चालत, हे खरे. डग्लस यांनी तर आपल्या वर्तमानपत्राचेच नाव 'द नॉर्थ स्टार' ठेवले होते. पण खऱ्या इतिहासाला कल्पित जोड लावली, की विरोधकाला खरे तेही खोटे म्हणायला सोपे जाते. भाकडकथांनी आपले किती नुकसान केले आहे, हे आपल्याला कोणी सांगायला नको. जॉर्जटाऊनचा तुरुंग आणि टबमनबाईंची साक्ष पुरेशी आहे.

लाज वाटणारी गाणी

१८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. दुसऱ्या वर्षी टेनेसी राज्यात नॅशविल येथे मुक्त झालेल्यांच्या मुलांसाठी फिस्क विद्यालय निघाले. पाच वर्षांत पैसा संपला, संस्था बंद पडायची पाळी आली. तेव्हा संस्थेचे खजिनदार जॉर्ज व्हाइट हे नऊ विद्यार्थ्यांचे गायनपथक घेऊन ऑक्टोबर १८७१ मध्ये वर्गणीसाठी बाहेर पडले. ही मुलेमुली बहुतेक गुलाम म्हणूनच जन्मलेली.

गंमत अशी, की आईवडिलांची गाणी लोकांपुढे गायला ही मुले मुळीच तयार नव्हती. पथकातल्या एला शेपर्ड यांनी लिहून ठेवले आहे, की त्या गाण्यांना गुलामीच्या काळोखाचा वास होता, त्यांची आठवणही नको वाटे. शिवाय आईवडिलांना ती पवित्र होती, ती चारचौघांत कशी गायची? सुरुवातीला ती मुले जमिनीवर बसून हलक्या आवाजात ती गाणी एकमेकांकडून शिकली. दौऱ्यात गोऱ्यांची नेहमीची गाणी गायली तर श्रोते थंड. पण ओबर्लिन गावी 'स्टील अवे' सुरू झाले आणि सभागृह स्तब्ध झाले. पथकाचे नाव ठेवले 'ज्युबिली सिंगर्स'. बायबलमध्ये ज्युबिली म्हणजे ते पन्नासावे वर्ष, ज्या वर्षी गुलामांना मोकळे करायचे असते. नावातच अर्थ पेरला होता. १८७३ साली या पथकाने इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीपुढे गाणी म्हटली. गाण्याच्या पैशातून नॅशविलला ज्युबिली हॉल ही भव्य इमारत उभी राहिली. ती आजही उभी आहे.

त्याच १८७३ साली पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली. काळ्या लोकांना दास्यातून सोडवण्यासाठी ज्यांनी स्वार्थ सोडून झीज सोसली, त्या अमेरिकेतील सज्जनांना त्यांनी ते पुस्तक अर्पण केले. आपले देशबांधवही तो धडा घेऊन शूद्रांना मुक्त करतील, अशी आशा त्यांनी तिथे व्यक्त केली आहे.

एला शेपर्ड यांना वाटलेली लाज आम्हाला फार जवळची वाटते. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या कित्येक घरांतून जुने देव गेले, आणि त्यांच्याबरोबर जुनी गाणीही गेली. हात जोडून भाकरी मागणारी गाणी गेली, हे उत्तमच झाले. पण आजीच्या ओवीत वेठबिगारीची, उपाशी लेकराची, पाटलाच्या वाड्याची जी हकिकत होती तीही त्याच गाठोड्यात गेली असेल तर तो आपला तोटा आहे. ती कोर्टात दाखल व्हावी अशी साक्ष होती. पुण्याचे हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी १९८० च्या दशकापासून खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्यांत बाबासाहेबांवर बायकांनी रचलेल्या ओव्याही आहेत. म्हणजे सगळे हरवले नाही.

आणि अर्थ हरवला की काय होते, तेही पाहा. 'स्विंग लो, स्वीट चॅरियट' हे ज्युबिली पथकाने गाजवलेले गाणे. घरी न्यायला येणाऱ्या रथाचे. हे गाणे १९८८ पासून इंग्लंडात रग्बीच्या सामन्यांत, आपला संघ जिंकावा म्हणून, हजारो प्रेक्षक गातात. २०२० साली अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड यांची पोलिसांच्या हातून हत्या झाली आणि जगभर निदर्शने झाली, तेव्हा कुठे तिथल्या रग्बी संघटनेने या गाण्याचा फेरविचार करू म्हणून जाहीर केले.

झाडाला लागलेले फळ

गुलामी गेली, पण झाडाला लटकवून मारणे गेले नाही. ७ ऑगस्ट १९३० रोजी इंडियाना राज्यातील मेरियन गावी थॉमस शिप आणि अब्राम स्मिथ या दोन काळ्या तरुणांना जमावाने तुरुंगातून ओढून काढले आणि फाशी दिले. त्याचे छायाचित्र निघाले. खाली गोरे स्त्रीपुरुष उभे, काही जण कॅमेऱ्याकडे पाहत आहेत. न्यूयॉर्कमधले एक ज्यू शाळामास्तर एबल मीरोपोल यांनी असे छायाचित्र पाहिले आणि त्यांची झोप उडाली. त्यांनी कविता लिहिली, ती १९३७ साली शिक्षक संघटनेच्या नियतकालिकात आली. पुढे तिला चाल लावली गेली. 'स्ट्रेंज फ्रूट', विचित्र फळ.

या गाण्याची रीत उलटी आहे. गुलामांच्या गाण्यात वर भजन आणि खाली बंड. इथे वर निसर्गाचे गोड वर्णन, दक्षिणेतली झाडे, फुलांचा सुवास. आणि दोन ओळींत ऐकणाऱ्याला कळते, की फळ म्हणतात ते माणसाचे प्रेत आहे. 'फाशी' हा शब्दच येत नाही. १९३९ साली बिली हॉलिडे न्यूयॉर्कच्या 'कॅफे सोसायटी'त हे गाणे शेवटी गात. त्या वेळी वाढपी थांबत, दिवे मालवले जात, एक झोत फक्त त्यांच्या चेहऱ्यावर. गाणे संपले की अंधार, आणि पुन्हा गाणे नाही. ज्या ध्वनिमुद्रिका कंपनीशी त्यांचा करार होता तिने हे गाणे काढायला नकार दिला. शेवटी एका लहान कंपनीने काढले. अशा झुंडबळींविरुद्ध अमेरिकेच्या संसदेत दोनशेच्या आसपास प्रयत्न फसल्यानंतर केंद्रीय कायदा झाला तो २०२२ साली.

आपल्याकडे १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि मंडळींच्या आंबेडकरी जलशांनी लपवाछपवी केलीच नाही. गावात उभे राहून जे सांगायचे ते तोंडावर सांगितले. बाबासाहेबांची चळवळ पाठीशी असल्यामुळे ते बळ आले.

विडीकामगार मायबहिणींसाठी

आता आपल्या पोरांच्या तोंडच्या गाण्याकडे येऊ. 'हम होंगे कामयाब' शाळेत कोणी म्हटले नाही? कवी गिरिजाकुमार माथुर यांचे हिंदी रूप ते. मूळ इंग्रजी गाणे 'वी शॅल ओव्हरकम'. त्याचा एक पूर्वज म्हणजे चार्ल्स टिंडली या काळ्या धर्मगुरूंचे १९०१ सालचे भजन. त्यात 'मी' होता. मी एके दिवशी मात करीन. ऑक्टोबर १९४५ मध्ये साउथ कॅरोलिनातील चार्ल्सटन गावी सिगार कारखान्यात संप झाला. संपावर बहुतेक काळ्या बाया. काही महिने, थंडीपावसात, त्या दारावर उभ्या राहिल्या. दिवस संपला की ल्युसिल सिमन्स ही कामगार बाई हे गाणे संथ लयीत सुरू करी. तिथे 'मी' जाऊन 'आम्ही' आले, असे सांगतात. त्यांच्याकडून ते झिल्फिया हॉर्टन यांनी टेनेसीतल्या हायलँडर या कामगार-शिक्षण केंद्रात नेले, तिथून पीट सीगर यांनी घेतले, आणि १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चात ते लाखोंच्या कंठात होते.

सिगार वळणाऱ्या बायांचे गाणे! कामठीचे बाबू हरदास यांनी ज्या विडीकामगारांची संघटना बांधली, त्यांच्या नाती-पणती ते शाळेत म्हणतात आणि कोणी त्यांना सांगत नाही. आणि एक शब्द पाहा. मूळ शब्दाचा अर्थ मात करणे. मात करायची तर समोर कोणी तरी हवा. मालक, मुकादम, कायदा. हिंदीत ते 'कामयाब' झाले, म्हणजे यशस्वी. समोरचा माणूस गाण्यातून निघून गेला, आणि पोरांना वाटते की गाणे परीक्षेत पास होण्याचे आहे. भाषांतरकाराचा दोष काढायचा नाही. चालीत बसणारा शब्द त्यांनी घेतला. पण घरी पोर हे गाणे गुणगुणले तर आईने कोणावर मात, तेवढे विचारावे.

शब्द नसलेली सुरावट

फिस्कमध्ये शिकलेला एक विद्यार्थी पुढे फार मोठा विद्वान झाला. डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस. ज्युबिली हॉल आपल्याला जणू गाण्यांचाच बांधलेला वाटे, असे त्यांनी म्हटले आहे. १९०३ साली त्यांचे 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' हे पुस्तक आले. त्याच्या जवळजवळ प्रत्येक प्रकरणावर त्यांनी गुलामांच्या एखाद्या गाण्याची सुरावट छापली आहे. नुसती सुरावट, शब्द नाहीत. शेवटचे प्रकरण संपूर्ण या दुःखगीतांवर आहे.

जुलै १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच डु बॉइस यांना पत्र लिहिले. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात होते, हार्लेमची काळी वस्ती तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. पत्रात त्यांनी कळवले, की आपण निग्रोंच्या प्रश्नाचा अभ्यास करीत आलो आहोत आणि अस्पृश्यांची स्थिती त्यांच्यासारखीच आहे. काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे दिलेल्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागितल्या. डु बॉइस यांनी त्याच महिन्याच्या शेवटी उत्तर दिले, की आपले नाव व कार्य ठाऊक आहे आणि हिंदुस्थानातील अस्पृश्यांबद्दल आपल्याला पूर्ण सहानुभूती आहे. ही पत्रे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संग्रहात आहेत.

त्या १९०३ च्या पुस्तकात डु बॉइस यांनी आपल्या घरातले एक गाणे दिले आहे. त्यांच्या आजोबांच्या आजीला डच व्यापाऱ्यांनी आफ्रिकेतून पकडून आणले होते. थंडीने कुडकुडत, डोंगरांकडे पाहत ती मांडीवरच्या पोराला एक गाणे म्हणून दाखवी. त्या पोराने ते आपल्या पोरांना म्हटले, त्यांनी त्यांच्या पोरांना. दोनशे वर्षे ते घरात चालत आले. डु बॉइस यांनी त्याचे शब्द जसे कानावर पडत तसे उतरवून ठेवले आहेत. भाषा कोणती, हे त्यांच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. तरी आपल्या मुलांना ते तेच म्हणत.